चाकं खाली येईपर्यंत

बीएमएक्सचे फोटो काढायला शिकायचंय, असं कुणी म्हणालं की मी कॅमेरा कोणता ते विचारत नाही. सायकल चालवणाऱ्या पोरांबरोबर किती वेळ काढलायस, एवढंच विचारते. कॅमेऱ्याचं शिक्षण कुठेही मिळतं. उडी कुठे सुरू होते, कुठे संपते आणि मधल्या कुठल्या क्षणाला रायडर स्वतः त्या ट्रिकचं नाव देतो, हे मात्र स्पॉटवर बसूनच कळतं.

माझा स्पॉट लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर आहे. तिथे क्वीन एलिझाबेथ हॉल नावाचं संगीत सभागृह आहे, १९६७ साली उघडलेलं, सगळं उघड्या काँक्रीटचं. त्याच्या पोटाखाली जाडजूड खांबांमध्ये एक मोकळी जागा राहिली. तिला अंडरक्रॉफ्ट म्हणतात. तिथले उतार कुणी खेळासाठी बांधले नव्हते. १९७०च्या दशकात स्केटबोर्डवाल्या पोरांनी ते हेरले, मागोमाग बीएमएक्सवाले आले. २०१३ मध्ये तिथे दुकानं काढायचा बेत पुढे आला, तेव्हा ‘लाँग लिव्ह साउथबँक’ ही मोहीम उभी राहिली. २०१४ मध्ये जागा वाचली आणि २०१९ मध्ये बरीच वर्षं बंद असलेला काही भागही पुन्हा खुला झाला. आज नदीकाठी फिरायला आलेली माणसं कठड्याला टेकून पोरांचा खेळ बघत उभी राहतात. फोटो शिकायला इतकी चांगली आणि इतकी अवघड जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

सायकल आधी समजून घ्या. वीस इंची चाकं, एकच गिअर, आणि सीट इतकी खाली की ती बसण्यासाठी नाहीच. एक्सलच्या टोकांना बसवलेल्या आखूड नळ्यांना पेग म्हणतात; कठड्यावर किंवा रेलिंगवर सायकल घसरवायची ती या पेगांवर, तो ग्राइंड. जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा पाया बनीहॉप. पुढचं चाक उचलायचं, मग हँडल पुढे ढकलत मागचं चाक अंगाखाली ओढून घ्यायचं. बनीहॉपमध्ये पुढचं चाक वर आणि मागचं अजून जमिनीवर असतानाचा फोटो पाहिला की रायडर तोंड वाकडं करतो. त्याच्या लेखी तिथे अजून काही घडलेलंच नसतं.

बारस्पिन घ्या. हवेत असताना रायडर हँडल भिरकावतो, ते पूर्ण गोल फिरतं आणि तो पुन्हा पकडतो. हँडल अर्धं फिरलंय, दोन्ही हात मोकळे आहेत, सीट गुडघ्यांमध्ये दाबून धरलीय, नजर हँडलवर खिळलीय: फोटो हा. क्षणभर उशीर झाला की हात हँडलवर परत आलेले असतात आणि चित्रात फक्त सायकलवरून उडी मारणारा माणूस उरतो. टेलव्हिपमध्ये हँडल हातातच राहतं आणि बाकीची सायकल त्याच्याभोवती गरकन फिरते. इथे फ्रेम पायांपासून सर्वांत लांब गेलेली असताना, म्हणजे अर्ध्या फेरीवर, बटण दाबायचं. टेबलटॉपला सायकल हवेत आडवी होते. ती जितकी सपाट दिसेल तितका रायडर खूश, आणि ती सर्वांत सपाट होते ती उडीच्या अगदी शिखराला. म्हणजे प्रत्येक ट्रिकचा क्षण वेगळा. तो डोळ्यांना माहीत असल्याशिवाय बोटाला सापडत नाही.

कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम घेतो, मग बटण दाबून धरलं की काम झालं, असं नवख्याला वाटतं. दोन फ्रेममध्ये सेकंदाचा दहावा भाग जातो आणि तेवढ्यात हँडल बरंच फिरून जातं. नेमका क्षण बहुतेक वेळा दोन फ्रेमच्या मधे सांडतो. शिवाय फ्लॅश त्या वेगाने पुन्हा भरत नाही: पहिली फ्रेम उजळ, पुढच्या काळोख्या. सलग मालिका दाखवायची असेल तेव्हा भरपूर ऊन बघून ती जरूर काढा, तिचं महत्त्व वेगळं आहे. एरवी एका उडीला एकच क्लिक. बोट तयार होण्याचा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

आता उजेड. माझ्या मते हे काम खरं तर इथेच शिकायचं असतं. अंडरक्रॉफ्टमध्ये भर दुपारीही आत सावट असतं आणि नदीची बाजू मात्र लख्ख उघडी. आतल्या अंधाराला एक्स्पोजर लावलं तर नदीकडचा भाग पांढराफटक होतो, नदीला लावलं तर रायडर काळा ठिपका होतो. आयएसओ वाढवून शटर १/१००० वर नेता येतं, पण मग चित्र मळकट आणि सपाट येतं. म्हणून फ्लॅश.

इथे एक हिशेब समजून घ्या. साधारण ताशी वीस किलोमीटर वेगाने येणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. बहुतेक कॅमेऱ्यांमध्ये फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेता येत नाही, कारण त्याहून जास्त वेगात शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि चित्राचा एक पट्टा काळा राहतो. १/२५० सेकंदात सायकल दोन सेंटिमीटरहून जास्त सरकते. चेहरा पुसट व्हायला एवढं पुरतं. पण साध्या, कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशची चमक शटरपेक्षा कितीतरी आखूड असते. पूर्ण ताकदीवर ती साधारण १/१००० सेकंदाची, आणि ताकद सोळाव्या भागावर आणली की १/१०,००० सेकंदाच्या आसपास. तेवढ्या वेळात सायकल अर्धा मिलिमीटर सरकते. म्हणजे उडी गोठवतो तो फ्लॅश, शटर नव्हे. शटरच्या हातात राहतो तो फक्त आजूबाजूचा उजेड. तो उजेड फ्लॅशपेक्षा दोन-तीन स्टॉप खाली ठेवा. नाहीतर फ्लॅशने रेखलेल्या स्वच्छ आकृतीच्या मागे आजूबाजूच्या उजेडाची एक पुसट सावली चिकटून येते आणि हातांना दुहेरी कडा दिसतात.

यातून पुढची गोष्ट आपोआप निघते. फ्लॅशची ताकद वाढवून उजेड मिळवायचा नाही, फ्लॅश जवळ आणून मिळवायचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. तेच उलट्या बाजूने वापरायचं. चार मीटरवरचा स्टँड दोन मीटरवर आणला की ताकद चौथाईवर आणता येते आणि चमक आखूड होते. हाय स्पीड सिंक नावाची सोय आता स्वस्त फ्लॅशमध्येही असते, पण त्यात चमक तुकड्यातुकड्यांत लांबवली जाते आणि बरीच ताकद वाया जाते. उन्हात जवळून काम करताना तिचा उपयोग होतो. अंधाऱ्या जागी ती बंद ठेवा.

दोन फ्लॅश पुरतात. एक रायडरच्या पुढून, बाजूला साधारण पंचेचाळीस अंशांवर, डोक्यापेक्षा वर. दुसरा मागून, खांबाआड लपवलेला, म्हणजे खांदे, टायर आणि स्पोक यांच्या कडा काळोखातून सुटून दिसतात. पुढचा फ्लॅश फार खाली ठेवलात तर चाकाची सावली चेहऱ्यावर पडते. दोन्ही रेडिओ ट्रिगरने चालवा. लग्नाच्या फोटोग्राफीसाठी आपल्याकडे गावोगावी स्टुडिओवाले जे फ्लॅश, ट्रिगर आणि स्टँड वापरतात, नेमकं तेच सामान या कामाला लागतं. ओळखीच्या स्टुडिओतून मागून आणून सुरुवात करता येते. स्टँडच्या पायाला भरलेली बॅग अडकवा. वाऱ्याने किंवा धक्क्याने आडवा झालेला स्टँड रायडरच्या वाटेत आला तर मोडणारी वस्तू फ्लॅश नसते, मनगट असतं. आणि फ्लॅश लावण्याआधी रायडरला विचारा, तो डोळ्यांत जातोय का. उतरायची जागा दिसेनाशी होईल अशा ठिकाणी दिवा ठेवणं हा गुन्हाच आहे.

फोकस आधीच ठरवून ठेवा. ट्रिकचा क्षण जिथे येणार तेवढ्या अंतरावर नेमका फोकस लावायचा, ऑटोफोकस बंद करायचा आणि लेन्सला हात लावायचा नाही.

कुठे उभं राहायचं, यावर दोन पंथ आहेत. फिशआय लेन्स लावून सायकलच्या इतकं जवळ जायचं की पेग कानाजवळून जातो, हा एक. यात उडी प्रचंड दिसते, जागाही पूर्ण दिसते, आणि थोडं चुकलं तर लेन्सची काच जाते किंवा तुमचा दात. लांबून, ७०-२०० सारख्या लेन्सने, शांतपणे काढायचं, हा दुसरा. मी दुसऱ्या पंथाची. फिशआय लहान उडीला मोठी करून दाखवतो आणि रायडरला ते लगेच ओळखू येतं. मात्र पंथ कुठलाही असो, फ्रेममध्ये तीन गोष्टी हव्यातच: तो कुठून सुटला, कशावरून जातोय आणि कुठे उतरणार. नुसत्या आकाशात लटकलेली सायकल कितीही सुंदर दिसली तरी ती किती उंच आहे, खाली काय आहे, हे कळत नाही. मग ट्रिकला वजन राहत नाही.

हे सगळं ज्यांच्याकडून आलं त्यांची थोडी आठवण ठेवावी. बीएमएक्स हा १९७०च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियात मोटोक्रॉसची नक्कल करणाऱ्या मुलांचा खेळ. १९७६ मध्ये बॉब ऑसबोर्न यांनी तिथे ‘बायसिकल मोटोक्रॉस अॅक्शन’ हे मासिक काढलं आणि त्यातले कितीतरी गाजलेले फोटो त्यांची मुलगी विंडी ऑसबोर्न हिने काढले. पोरांच्या, धुळीच्या त्या जगात कॅमेरा घेऊन उभी असलेली ती तरुण मुलगी मला फार जवळची वाटते. तिच्या फोटोंत रायडर नेहमी माणूस म्हणून दिसतो, चेहऱ्यासकट. त्याच घराण्याचं ‘फ्रीस्टायलिन’ हे मासिक १९८४ मध्ये निघालं. तिथे अगदी पोरवयात लिहायला आणि फोटो काढायला लागलेला स्पाइक जोन्झ पुढे सिनेमाचा मोठा दिग्दर्शक झाला.

बीएमएक्सचे चांगले फोटोग्राफर एक नियम पाळतात: ट्रिक पूर्ण झाली, रायडर चाकांवर उतरून पुढे निघून गेला, तरच फोटो छापायचा. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. टोकियो ऑलिंपिक आठवा. ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिल्या रनमध्ये ३६० बॅकफ्लिप, म्हणजे उलटी कोलांटी आणि त्यातच पूर्ण गिरकी, करताना पडली. दुसऱ्या रनमध्ये तिने तीच ट्रिक मारली, उतरली आणि सुवर्णपदक जिंकलं. दोन्ही वेळचा हवेतला फोटो शेजारी ठेवला तर परक्याला फरक सांगता येणार नाही. पण एक खरा आणि एक खोटा, हे स्पॉटवरचं लहान पोरही सांगेल. म्हणून क्लिक केल्यावर स्क्रीनकडे पाहू नका. मान वर ठेवा, चाकं खाली येईपर्यंत. कधी तो पडतो, आणि तेव्हा तुम्ही उठून त्याच्याजवळ जायचं असतं.

‘अजून एकदा कर ना’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. अंडरक्रॉफ्टमध्ये एक पोरगा कठड्यावरच्या ग्राइंडला पुन्हा पुन्हा जात होता. नडगीवरून रक्त मोज्यात उतरत होतं. फोटो मला केव्हाच मिळाला होता आणि मी ते त्याला सांगितलंही. तो म्हणाला, ‘तुझ्यासाठी नाही करत.’ थांबायचं कधी हे त्याने ठरवायचं, आणि त्याने थांबायचं ठरवलं तर फोटो मिळाला नाही तरी कॅमेरा बॅगेत घालायचा. तो पुन्हा जायला निघाला तर मात्र बॅटऱ्या भरलेल्या असू द्या.

फोटो चांगला आला असेल तर तो सर्वांत आधी रायडरला पाठवा. ट्रिकचं नाव त्यालाच विचारून घ्या, त्याचं नाव शुद्ध लिहा, आणि त्याने नको म्हटलं तर तो फोटो कुठेही टाकू नका.