इमारत व नळकाम नियमांची अधिकारकक्षा

इमारतीची मजबुती, अग्निसुरक्षा, वायुवीजन, पाणीपुरवठा व सांडपाण्याचा निचरा यांबाबत बांधणाऱ्यावर बंधनकारक असणाऱ्या किमान अटींना इमारत नियम म्हणतात. नळकामाचे नियम हे त्यांचेच एक अंग होय. हे नियम कोणत्या शासनसंस्थेने करावेत हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटला, तरी रहिवाशांच्या आरोग्याशी व जीविताशी त्याचा निकटचा संबंध आहे.

भारतीय संविधानानुसार सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, जमीन आणि स्थानिक शासन हे राज्यसूचीतील विषय आहेत. त्यामुळे इमारतींवरील कायदेशीर नियंत्रण मुख्यतः राज्यांकडे येते. ७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत इमारत बांधकामाचे नियमन हे नगरपालिकांकडे सोपविण्याजोगे कार्य म्हणून नमूद केले आहे. तांत्रिक मानके मात्र राष्ट्रीय पातळीवर तयार होतात. भारतीय मानक संस्थेने राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. पुढे या संस्थेचे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आल्यावर २००५ व २०१६ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. ही संहिता शिफारसवजा असून तिच्यातील तरतुदी राज्याने वा स्थानिक संस्थेने आपल्या नियमांत समाविष्ट केल्या म्हणजेच त्या बंधनकारक ठरतात.

या विभागणीस तात्त्विक आधार आहे. शौचकूपाच्या ट्रॅपमधील पाणी गटारातील दूषित वायू अडविते, हे तत्त्व सर्वत्र सारखेच असते. म्हणून अशा बाबींचे मानक देशभर एकच असणे इष्ट असते. पर्जन्यमान, जमिनीचा प्रकार व पाणीपुरवठ्याची पद्धत प्रदेशपरत्वे बदलतात. उदा., जेथे पाणी ठराविक वेळीच येते, तेथे पुरवठा थांबल्यावर नळांतील दाब घटून बाहेरील दूषित पाणी गळक्या सांध्यांतून आत शिरू शकते. अशा ठिकाणी जलवाहिनी व गटार यांतील अंतराकडे विशेष लक्ष द्यावे लागते. प्रत्यक्ष तपासणी मात्र स्थानिक संस्थेलाच शक्य असते.

प्रत्येक नगरपालिकेचे नियम वेगळे असल्यास गोंधळ व सवलतींची चढाओढ संभवते. महाराष्ट्रात २०२० मध्ये बृहन्मुंबई व अन्य काही क्षेत्रे वगळून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू करण्यात आली.

नियम कागदावर असणे पुरेसे नसते. भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक १९६२ पासून उपलब्ध होते; तथापि २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किमी.हून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी कित्येकींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला व म्हणून दुर्बल होता. यावरून राष्ट्रीय मानक, त्यास बंधनकारक करणारा राज्याचा कायदा आणि तपासणीस पुरेसे प्रशिक्षित अभियंते असलेली स्थानिक संस्था, या तिन्हींची जबाबदारी स्पष्टपणे नेमून देणे आवश्यक ठरते.