वार्धक्यांतील विस्मृति व जुनीं दुखणीं

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण घरोघर ऐकूं येते. परंतु विस्मृतीचा सारा दोष वयाच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. मेंदूचें वजन शरीराच्या अवघें दोन टक्के. तरी विश्रांतींतहि देहाच्या प्राणवायूचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. रक्तदाब व मधुमेह वर्षानुवर्षें अंगांत मुरले, म्हणजे हा पुरवठा करणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या कठीण व अरुंद होतात आणि त्यांवर पोसलेला भाग हळूहळू निकामी होतो. मग हिशेब चुकतो. औषध घेतल्याचेंहि स्मरण राहत नाहीं. औषध चुकलें कीं रोग बळावतो व स्मृति आणखी खालावते.

या चक्रास आळा घालतां येतो. अमेरिकेंत २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत, वरचा रक्तदाब १४० ऐवजीं १२० च्या खालीं ठेवण्याचा यत्न केलेल्यांत बुद्धीचा सौम्य ऱ्हास सुमारें एक-पंचमांशानें कमी आढळला. मात्र किती उतरवावा, हें डॉक्टरांनींच ठरवावें. वृद्धास घेरी येण्याचें भय असतें.

तेव्हां घरांतील वडील मंडळी तेंच तें पुन्हां विचारूं लागली, तर रागावण्यापूर्वीं त्यांचा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी, आणि औषधाची डबी घरांतील एकानें सांभाळावी.