वर्षाच्या मध्यावर



जुलै आला की आपल्या बेटावर ऊसतोडणी सुरू झालेली असते, व्हाक्वा-क्यूरपीपकडे गार वारा नि रिमझिम पाऊस असतो, आणि मराठीच्या तासाला मुले जांभया देऊ लागतात. जानेवारीत नव्या वहीवर सुंदर अक्षरात नाव घालणारा मुलगा आता वहीच घरी विसरून येतो. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील अकरा मुलांपैकी चौघांनी येणे जवळजवळ सोडले होते. आम्ही पालकांना दोष दिला, इंग्रजी-फ्रेंचला दिला. आपणही थकलो आहोत, हे मात्र कबूल केले नाही.

अशा वेळी आम्हाला डेव्हन ॲव्हेन्यू आठवला. त्याच वर्षी जानेवारीच्या आरंभी, आपल्या शाळा उघडण्यापूर्वी, आम्ही शिकागोला मावसबहिणीकडे गेलो होतो. शहराच्या उत्तर भागातील हा रस्ता म्हणजे तेथील भारतीयांची बाजारपेठ. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील लोकांना अधिक उघडली आणि १९७४ मध्ये पटेल बंधूंनी येथे आपले पहिले किराणा दुकान घातले. मराठी माणसे त्याआधीच जमली होती. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ चे, आणि उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये याच शहरात स्थापन झाले.

तेथील शाळा उन्हाळा संपताना सुरू होतात. म्हणून त्यांचे अर्धे वर्ष जानेवारीत येते. पारा शून्याखाली, पाच वाजण्यापूर्वीच अंधार! सुटीच्या दिवशी पांघरूण सोडून मराठी शिकायला कोण येणार? मुलांना मराठी शिकवणाऱ्या एका भगिनी आम्हाला म्हणाल्या, “जानेवारीत मी पुस्तक मिटून ठेवते. संक्रांत आहे ना!” त्या मुलांकडून तिळगुळाच्या सामानाची यादी मराठीत लिहून घेतात : तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबरे, वेलची. मग मूल ती यादी घेऊन आईबरोबर डेव्हनवर जाते आणि एकेक जिन्नस वाचून पिशवीत टाकते. वर्षअखेरची परीक्षा दूर असते. तीळ मात्र हातात येतात.

त्यांचे आणखी एक बोलणे मनात राहिले. संक्रांतीच्या सुमारास दिवस वाढू लागलेला असतो, पण थंडी काही लगेच कमी होत नाही. मुलांचेही तसेच, आज केलेले उद्या दिसत नाही.

मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यांत आम्हीही पुस्तक मिटले. आपल्याकडे पुढे गणेशोत्सव असतो. प्रत्येक मुलाला सांगितले, आजीला विचारून मोदकाचे सामान मराठीत लिहून आणा आणि तिला येणारी झाकडीची एक ओळ पाठ करून या. पहिल्या दिवशी दोनच याद्या आल्या. एकीत नारळाला ‘कोको’ लिहिले होते. आम्ही रागावलो नाही, फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. दुसऱ्या आठवड्यात एक आजीबाई स्वतःच वर्गात आल्या आणि टाळ्यांच्या ठेक्यावर गाऊ लागल्या. मुलांपेक्षा आधी आमचाच शीण गेला!

तिसऱ्या सत्रात चौघांपैकी तिघे परत आले. एक आला नाही. त्याच्या घरी आम्ही उशिरा गेलो, ही चूक आमची. यंदा मेमध्येच जाणार आहोत.

पालकांना एवढीच विनंती : मूल कंटाळले म्हणून मराठीचा तास सोडवू नका. या आठवड्यात बाजाराची यादी त्याच्याकडून मराठीत लिहून घ्या. पाच शब्दही पुरेत. चुकले तर हसू नका, आणि तुम्हालाही एखादा शब्द अडला तर दोघे मिळून आजीकडे जा.