विश्लेषण : प्रवाळ वाढते, तरी प्रवाळभित्ती का ढासळते?

प्रवाळाची वाढ अगदी नेहमीसारखी. पण ज्या भित्तीवर ते वाढते, ती भित्तीच दरवर्षी खंगत चाललेली. हे विचित्र चित्र इंडोनेशियाच्या समुद्रात दिसले. ते मांडणाऱ्या गटात होते कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक मायकेल रिस्क.

भूगर्भशास्त्राचा इथे काय संबंध?

प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याचा सांगाडा म्हणजे चुनखडीच. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षागणिक वलये पडतात. त्यामुळे दगड वाचणाऱ्याला प्रवाळही वाचता येते. रिस्क यांनी 1972मध्ये व्हर्जिन बेटांवरील माशांवर निबंध लिहिला. भित्तीच्या उंचसखल पृष्ठभागावर साखळी अंथरायची, सरळ रेषेतले अंतर मोजायचे आणि दोन्ही लांबींची तुलना करायची. तळ जितका ओबडधोबड, तितके माशांचे प्रकार जास्त. इतकी साधी युक्ती पाणबुडे संशोधक आजही वापरतात.

मग भित्ती पोखरते कोण?

काही स्पंज आणि शिंपले प्रवाळाच्या सांगाड्यात भोके पाडून राहतात आणि पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातात. सांडपाणी आले की हे अन्न वाढते आणि पोखरणाऱ्यांची चंगळ होते. ग्रँड केमन बेटावरील भित्तीच्या दूषित भागात असा स्पंज वाढल्याचे रिस्क आणि सहकाऱ्याने 1985मध्ये दाखवले. घर बांधणारा गवंडी रोजचे काम चोख करतो आहे, पण वाळवी त्याच्याहून वेगवान आहे, असा हा प्रकार. म्हणूनच केवळ वाढीचा वेग मोजून ‘भित्ती निरोगी’ असे म्हणता येत नाही, हा निष्कर्ष 2000मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रदूषणाचा माग कसा काढतात?

नायट्रोजनच्या अणूंचे हलके आणि जड असे दोन स्थिर प्रकार असतात. मैलायुक्त सांडपाण्यात जड प्रकाराचे प्रमाण सहसा अधिक असते आणि तो ठसा प्रवाळाच्या ऊतींत उतरतो. रिस्क आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत प्रवाळांसाठी वापरली.

इंडोनेशियात नुकसान किती?

जावा समुद्र, दक्षिण सुलावेसी आणि अंबोन येथील 15 भित्तींचा अभ्यास 1998मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीवरून येणाऱ्या प्रदूषणाच्या टप्प्यातील भित्तींवर 3 मीटर खोलीवर प्रवाळांची विविधता 30 ते 50 टक्क्यांनी, तर 10 मीटरवर 40 ते 60 टक्क्यांनी कमी होती. सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि नांगर यांनी उथळ पाण्यात जवळपास निम्मी विविधता संपवली होती. या अभ्यासाचे एक सहलेखक जमालुद्दीन जोम्पा पुढे मकासरच्या हसनुद्दीन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

रिस्क यांचा राग कशावर?

स्वतःच्याच क्षेत्रावर. सागरी विज्ञानाने प्रवाळभित्तींना दगा दिला, असे त्यांनी 1999मधील लेखात लिहिले. किती प्रवाळ उरले याची मोजदाद होत राहिली. कोणामुळे मेले, हे ठामपणे सांगायला मात्र उशीर झाला. त्यांनी तुलना केली ती ग्रेट लेक्सशी. मॅकमास्टर विद्यापीठ याच सरोवरांपैकी ओंटारिओच्या काठावरील हॅमिल्टन शहरात आहे. तिथे पाणी शेवाळाने भरू लागले तेव्हा शास्त्रज्ञांनी फॉस्फरसकडे बोट दाखवले आणि 1972मध्ये कॅनडा व अमेरिकेने करार केला.