घाट चढणारी आगगाडी

उसाने भरलेली बैलगाडी खिंडीच्या चढणीस लागली, की गाडीवान काय करतो हे खेड्यातील मुलांस ठाऊक असते. तो गाडीवरून खाली उतरतो, मागून येणाऱ्या सोबत्याची बैलजोडी सोडवून आपल्या जोडीपुढे जुंपतो आणि एखाद्या मुलास हातात धोंडा घेऊन चाकामागून चालावयास सांगतो. बैल दमून थांबले, की त्या मुलाने तो धोंडा झटकन चाकाखाली सारावयाचा. ह्यास उटी लावणे असे म्हणतात. जादा बैल गाडीस वर नेतात आणि उटी तिला मागे घसरू देत नाही. एक गाडी माथ्यावर पोचली, की दुसरी आणण्यासाठी दोन्ही जोड्यांनी पुन्हा खाली यावयाचे.

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी बोरघाट चढते, तेव्हाही असेच घडते. फरक एवढाच, की येथे बैलांऐवजी इंजिने असतात, आणि जादा इंजिने पुढे न जुंपता गाडीच्या मागे लावतात.

कर्जत हे स्थानक घाटाच्या पायथ्याशी आहे, तर लोणावळे माथ्यावर. ह्या दोहोंमधील लोहमार्ग सुमारे २८ किलोमीटर लांबीचा असून तेवढ्यात गाडीस साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठावी लागते. सर्वांत अवघड जागी चढण सदतीसास एक अशी आहे. म्हणजे गाडी ३७ मीटर पुढे गेली, की ती १ मीटर वर चढलेली असते. बैलगाडीस किंवा मोटारीस ही चढण अगदी किरकोळ वाटेल. आगगाडीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिचे चाक पोलादाचे आणि रूळही पोलादाचा. सपाटीवर ह्या गुळगुळीतपणाचा मोठा लाभ होतो, कारण थोड्या जोराने पुष्कळ ओझे ओढता येते. चढणीवर तोच गुळगुळीतपणा वैरी होतो. चाकाची रुळावरील पकड सुटते आणि ते जागच्या जागी गरगरू लागते. पावसाळ्यात रूळ ओले झाले, म्हणजे हा धोका अधिकच वाढतो. अशा वेळी इंजिनात साठवून ठेवलेली कोरडी वाळू नळीवाटे चाकांपुढे सोडतात.

आता थोडे गणित करून पाहू. उतारूंनी भरलेला एक डबा सुमारे ५० टन वजनाचा आहे असे धरू. असे वीस डबे म्हणजे १,००० टन. सदतीसास एक ह्या चढणीवर प्रत्येक टन वजन सुमारे २७ किलोग्रॅम इतक्या जोराने मागे खेचले जाते. म्हणजे सगळी गाडी २७ टनांच्या जोराने मागे ओढ घेत असते! इंजिनाचे स्वतःचे वजन ह्यात धरलेलेच नाही. हा सगळा ताण, गाडी केवळ पुढून ओढली तर, पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर येईल. एकाच माणसाने दोरीने ओढण्यापेक्षा एकाने पुढून ओढावे व दुसऱ्याने मागून रेटावे, हे शहाणपणाचे. तसे केल्याने आकड्यांवरील ताण वाटला जातो. शिवाय एखादा आकडा तुटलाच, तरी मागच्या डब्यांच्या पाठीशी इंजिने उभी असतात.

मागून रेटणाऱ्या ह्या इंजिनांस बँकर म्हणतात. पैशांच्या पेढीशी ह्या नावाचा काही संबंध नाही. इंग्रजीत चढणीसही बँक असे म्हणतात. गाडी कर्जतला थांबते, ती बहुतेक वेळा ह्या बँकरांसाठी. उतारूंचे लक्ष फलाटावरच्या गरम वड्यांकडे असते. गाडीच्या शेपटाशी दोन-तीन इंजिने येऊन लागली, हे फारच थोड्यांना कळते. हलकासा धक्का बसतो आणि गाडी निघते. मागच्या चालकास पुढचा मार्ग दिसत नाही. त्याच्यापुढे डब्यांची लांबच लांब भिंत असते. तरीही पुढच्या चालकाने जोर लावला की त्यानेही लावावयाचा, आणि त्याने कमी केला की ह्यानेही कमी करावयाचा. हे चुकून भागत नाही. वळणावर मागून नको तेवढा जोर बसला, तर मधले डबे रुळावरून उचलले जाण्याचा संभव असतो. पूर्वी ही भाषा शिट्ट्यांची होती. आता चालक बिनतारी यंत्रावर एकमेकांशी बोलतात.

हा मार्ग बांधण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. जेम्स बर्कले हे त्याचे मुख्य अभियंता होते. आगगाडीस मोटारीप्रमाणे आखूड वळणे घेता येत नाहीत, आणि चढण ठरावीक मर्यादेबाहेर गेलेली चालत नाही. त्यामुळे डोंगराची सोंड आडवी आली की बोगदा खोदावयाचा आणि दरी आली की पूल बांधावयाचा, ह्यावाचून दुसरा उपाय नव्हता. असे २५ बोगदे त्या वेळी सुरुंग लावून खोदण्यात आले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट स्वतःकडे घेतले व काम पुढे चालविले. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर ह्या डोंगरात खपत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांच्यातील पुष्कळांचा बळी घेतला. घाटातील वाट शिंग्रोबा नावाच्या एका धनगराने इंग्रजांस दाखविली, अशी लोककथा सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात त्याचे लहानसे देऊळ आहे, आणि जाणारे-येणारे वाहनचालक तेथे हात जोडतात. १८६३ मध्ये घाटातून गाड्या धावू लागल्या.

त्या काळी खंडाळ्याच्या खाली एक चमत्कारिक स्थानक होते. गाडी वळविण्यास डोंगरात जागाच नव्हती. म्हणून चढत आलेली गाडी तेथे थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकास लावीत, आणि मग मघाचे शेपूट पुढे करून गाडी उलट दिशेने वर चढू लागे. वरून उतरणाऱ्या गाडीच्या चालकास ह्या स्थानकाची मोठी धास्ती असे, कारण तेथे रूळ संपत व पलीकडे दरी होती. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून मार्ग बदलण्यात आला आणि हे स्थानक बंद झाले.

चालकास खरी काळजी असते ती उतरण्याची. वरवर पाहता ही गोष्ट उलटी वाटते. चढताना जोर कमी पडला, तर गाडी फार तर थांबेल. उतरताना ब्रेक कमी पडला, तर ती थांबणारच नाही. सदतीसास एक ह्या उतारावर मोकळी सुटलेली गाडी पहिल्या मिनिटाअखेर ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावू लागेल, आणि तिसरे मिनिट संपण्यापूर्वी तो वेग शंभराच्या पार जाईल. पुढे बोगदे आणि वळणे आहेतच. म्हणून उतरणाऱ्या गाडीस प्रथमपासूनच सावकाश चालवितात. एकदा वाढलेला वेग आवरण्यापेक्षा तो वाढूच न देणे सोपे असते.

गाडीच्या ब्रेकची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी गेलेली असते व तीत दाबलेली हवा भरलेली असते. नळीत हवा पूर्ण भरलेली आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. हवा कमी झाली की ते आवळले जातात. हे उलटे का केले असेल? समजा, उतारावर मधलाच आकडा तुटला व गाडीचे दोन तुकडे झाले. नळीही तुटेल, हवा निघून जाईल आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक कोणी हात न लावता आपोआप लागतील. बैलगाडीच्या चाकाखाली मुलाने सारलेल्या धोंड्याचे काम येथे हवा करते. परंतु ब्रेक सतत घासत राहिले तर तापतात, आणि फार तापले तर त्यांची पकड ढिली होते. म्हणून गाडी मध्येच थांबवून त्यांची तपासणी करतात.

एवढे करूनही ब्रेक निकामी झाले तर? त्यासाठी घाटात कॅच सायडिंगे बांधलेली आहेत. मुख्य मार्गापासून रुळांचा एक फाटा फुटतो आणि तो खाली न उतरता डोंगराच्या अंगावर वर चढत जातो. विशेष हे, की तेथील सांधा एरवी ह्या फाट्याकडेच वळविलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने सांध्यापूर्वी पूर्ण थांबून दाखवावयाचे; ती थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झाले. मगच सांधा मुख्य मार्गाकडे फिरविला जातो. जी गाडी थांबू शकली नाही, ती आपोआप फाट्यावर जाते व चढणीवर तिचा वेग मरतो. बेफाम गाडीस डोंगरानेच धरून ठेवावे, अशी ही योजना आहे.

१९२९ मध्ये ह्या मार्गावर विजेची गाडी धावू लागली, तेव्हा उतारास एक नवा मित्र मिळाला. त्या वेळी आलेले मालगाडीचे विजेचे इंजिन विचित्र दिसे. मध्ये उंच खोली, पुढे-मागे लांब नाके आणि चाकांना जोडलेले हलणारे दांडे, असे त्याचे रूप होते. रेल्वेतील माणसे त्यास प्रेमाने ‘खेकडा’ म्हणत. हा खेकडा उतरताना केवळ ब्रेक घाशीत बसत नसे. उतारावर चाके जोराने फिरतात, ती इंजिनातील विजेच्या मोटारी फिरवितात, आणि वीज खाणाऱ्या त्या मोटारी उलट वीज तयार करू लागतात. ती वीज वरच्या तारेत परत जाई आणि चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस उपयोगी पडे. वीज तयार करताना मोटारींवर जो भार पडतो, त्यानेच गाडीचा वेगही आवरला जातो. खेकडे आता निवृत्त झाले आहेत. त्यांतील एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळतो. त्याची युक्ती मात्र आजच्या अनेक इंजिनांत चालू आहे.

पावसाळ्यात घाटास आणखी एका गोष्टीचे भय असते, ते म्हणजे सुटणाऱ्या दगडांचे. पाऊस सुरू होण्यापूर्वी डोंगरात तरबेज असलेले कामगार दोराच्या आधाराने कड्यावर चढतात आणि सैल झालेले धोंडे पहारीने खाली पाडतात. ते उचलून नेण्यासाठी एक निराळी गाडी घाटात फिरते. जोराच्या पावसात रात्री कंदील घेऊन रुळांवर गस्त घालणारी माणसे उतारूंना क्वचितच दिसतात. खिडकीबाहेर धबधबे कोसळत असतात, तेव्हा सगळ्यांचे डोळे दुसऱ्याच बाजूस लागलेले असतात.

मंकी हिल मागे पडते, खंडाळा येतो, आणि थोड्याच वेळात गाडी लोणावळ्याच्या फलाटास लागते. येथे पुन्हा हलका धक्का बसतो. शेपटाशी असलेली इंजिने सुटी होतात. आता पुण्यापर्यंत त्यांची गरज नसते. गाडी पुढे निघून जाते आणि बँकर घाट उतरून पुन्हा कर्जतला जातात. तोवर तेथे दुसरी गाडी येऊन उभी राहिलेली असते.