टाक्या भरतात, पंप कोरडा पडतो : इंधनटंचाईच्या भीतीचे गणित

२०२४ सालच्या पहिल्याच दिवशी देशभरातील ट्रक आणि टँकरचालकांनी चाके थांबवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये, अपघातात माणूस दगावल्यावर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. त्याला चालकांचा विरोध होता. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन डेपोंतून टँकर बाहेर पडेनासे झाले आणि नाशिकपासून नागपूरपर्यंत पेट्रोलपंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांशी चर्चा झाली आणि वाहतूकदारांच्या संघटनेने चालकांना कामावर परतण्याचे आवाहन केले. पुढे १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली, तेव्हा हे उपकलम वगळूनच ती अमलात आणण्यात आली.

संप जेमतेम दोन दिवस चालला. तरीही तेवढ्या अवधीत अनेक पंपांवर ‘साठा नाही’ असे फलक झळकले. दोन दिवस टँकर आला नाही म्हणून पंप इतक्या लवकर रिकामा होतो का? या प्रश्नाचे उत्तर टँकरमध्ये कमी आणि आपल्या वाहनांच्या टाकीत अधिक दडलेले आहे. गोव्यासारख्या लहान राज्याने, आणि त्यातही डिचोली व पेडण्यासारख्या तालुक्यांनी, ते समजून घेणे हिताचे आहे.

एका दिवसात चार दिवसांची विक्री

एक काल्पनिक हिशेब मांडू. सुर्ला, पाळी, वेळगे, कुडणे या परिसरातील दोन हजार दुचाकी आणि तीनशे मोटारी एकाच पंपावर अवलंबून आहेत असे समजू. दुचाकीला दिवसाला सरासरी एक लिटर आणि मोटारीला दोन लिटर इंधन लागते असे धरले, तर पंपाची रोजची विक्री २,६०० लिटर होते. १२ हजार लिटरचा एक टँकर आला की चार दिवसांहून अधिक काळ निश्चिंती.

आता ‘उद्यापासून पेट्रोल मिळणार नाही’ असा एक संदेश मोबाईलवर फिरू लागतो. कोणत्याही दिवशी बहुतेक वाहनांची टाकी साधारण अर्धी रिकामी असते. दुचाकीची पाच लिटरची टाकी भरायला अडीच लिटर लागतात आणि मोटारीची चाळीस लिटरची टाकी भरायला वीस लिटर. सर्वांनी त्याच दिवशी टाक्या भरायच्या ठरवल्या, तर दुचाकींना ५,००० आणि मोटारींना ६,००० असे एकूण ११ हजार लिटर इंधन लागेल. चार दिवसांची विक्री एका दिवसात होईल. कॅन आणि बाटल्या यात धरलेल्याच नाहीत.

यात इंधनाचा वापर एका थेंबानेही वाढलेला नाही, हे विशेष. जमिनीखालच्या टाकीतील इंधन घरासमोर उभ्या असलेल्या वाहनांत गेले, इतकेच. पण रिकामा पंप पाहणाऱ्याला तुटवडा खराच वाटतो, मग तो पुढच्या गावातील पंप गाठतो आणि तिथली रांग वाढवतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये अशा घटनांना ‘स्वतःला खरे ठरवणारे भाकीत’ म्हटले होते. सुस्थितीतील बँक बुडणार अशी अफवा उठते, ठेवीदार पैसे काढण्यासाठी धावतात आणि त्या धावपळीनेच बँक बुडते, हे त्यांचे उदाहरण होते. पेट्रोलपंपाची गोष्ट याहून वेगळी नाही. रांगेतला प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागत असतो, पण सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज मात्र टंचाईत होते.

भीती निराधार नसते

रांगेत उभ्या राहणाऱ्यांना मूर्ख ठरवून प्रश्न सुटत नाही. गोव्याचा इंधनपुरवठा प्रामुख्याने मुरगाव बंदर आणि वास्को-सांकवाळ परिसरातील साठवण टाक्यांवर अवलंबून आहे. तिथून डिचोलीकडे निघालेल्या टँकरला नद्या ओलांडाव्याच लागतात. झुआरी आणि मांडवीवरील पूल घ्या किंवा बोरीचा पूल ओलांडून फोंड्यामार्गे या. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बार्देश यांच्यातील दळणवळण फेरीबोटींवर येऊन पडले. एक दुवा तुटला की काय होते, हे त्या पिढीने पाहिले आहे.

सुर्ला परिसराने तर चाके थांबण्याचा अनुभव दोनदा घेतला. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खनिज व्यवसाय बंद झाला, तेव्हा दारात उभे असलेले ट्रक आणि थकलेले कर्जाचे हप्ते हे इथल्या कित्येक घरांचे वास्तव होते. ज्या भागाचे अर्थकारण डिझेलवर चालले, तिथे इंधनाविषयीची अफवा कुणी हसण्यावारी नेणार नाही.

पेडण्याची अडचण वेगळी आहे. २०१२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर जवळजवळ रद्द केला आणि दर लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरला. तेव्हापासून सीमेपलीकडची वाहने पेडण्यात टाकी भरून जाणे अंगवळणी पडले. पुढे कर पुन्हा वाढले, पण दोन राज्यांच्या दरांतील फरक राहिला. त्यामुळे अफवेच्या दिवशी पेडण्यातील पंपावर दोन तालुक्यांची नव्हे, तर दोन राज्यांची गर्दी होऊ शकते.

रांगेत मागे कोण राहतो?

टंचाई सर्वांना सारखी भेडसावत नाही. ज्याच्या खिशात चार हजार रुपये आहेत, तो मोटारीची टाकी काठोकाठ भरून निर्धास्त होतो. पिसुर्ले, होंडा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जाणारा कामगार मात्र शंभर रुपयांचे पेट्रोल टाकतो, कारण त्याची मिळकतच दिवसाची असते. साठा करणे त्याला परवडत नाही. पाळी संपवून तो पंपावर पोहोचतो, तेव्हा फलक लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याचा खाडा होतो आणि त्याच वेळी वीस लिटर पेट्रोल भरलेली कुणाची तरी मोटार आठवडाभर अंगणात उभी असते. मासळी घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता, रिक्षाचालक आणि रात्री रुग्णाला साखळीच्या इस्पितळात न्यावे लागणारे कुटुंब यांचेही तेच. साठेबाजी म्हणजे काळाबाजारवाल्याचे गोदाम अशी आपली समजूत असते, पण गरज नसताना भरलेल्या हजार टाक्या मिळूनही तेवढेच मोठे गोदाम तयार होते.

कॅनमधला धोका

टाकी भरून समाधान होत नाही, तेव्हा कॅन पुढे येतो. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याविना जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता येते. तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा आणि काचेचे एक लिटरपेक्षा मोठे चालत नाही. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीला त्यात स्थान नाही. डिझेलची मर्यादा मोठी आहे, कारण ते तितके ज्वालाग्राही नाही. साठा करून विकणाऱ्यावर जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली कारवाई होऊ शकते आणि त्यात सात वर्षांपर्यंत कारावास आहे.

कायद्यापेक्षा निसर्गनियम अधिक कठोर आहेत. पेट्रोलची वाफ शून्याखालील तापमानातही पेट घेते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या गळक्या कॅनची वाफ देव्हाऱ्यातील समईपर्यंत किंवा स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत केव्हा पोहोचली, हे कळतही नाही. शिवाय आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले तर इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. गोव्याच्या पावसाळी हवेत साठवलेला कॅन अडचणीच्या दिवशी इंजिनालाच अडचण ठरू शकतो.

आवाहन नको, आकडे हवेत

‘घाबरू नका, साठा पुरेसा आहे’ हे सरकारचे ठरलेले वाक्य. ते खरे असले तरी पुरेसे नसते. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये टँकरचालकांच्या कमतरतेमुळे मोजके पंप बंद ठेवण्याची वेळ आली. देशात इंधन आहे, असे मंत्री सांगत राहिले आणि ते खरेही होते. तरीही काही दिवसांत स्वतंत्र पंपचालकांच्या संघटनेला आपल्याकडील सुमारे दोन तृतीयांश पंप कोरडे पडल्याचे सांगावे लागले. अखेर टँकर चालवण्यासाठी लष्कराचे चालक बोलवावे लागले. पुरेशा साठ्याची ग्वाही ऐकून शेजारी थांबेल, याची खात्री कोणालाच नव्हती.

राष्ट्रीय साठ्याच्या आकड्यांनीही हा प्रश्न सुटत नाही. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत गुहांमध्ये मिळून ५३.३ लाख टन साठवणक्षमता आहे, पण ती कच्च्या तेलाची. डिचोलीच्या पंपावर उद्या टँकर येणार की नाही, हे त्यातून कळत नाही. ग्राहकाला नेमके तेच हवे असते.

म्हणून उपाय स्थानिक असावे लागतात. चंदीगड प्रशासनाने २ जानेवारी २०२४ रोजी दुचाकीला दोन आणि मोटारीला पाच लिटरची मर्यादा घातली. असे बंधन जाचक वाटते, पण ते शंभर रुपयांच्या ग्राहकाचे रक्षण करते, कारण त्याची गरज त्या मर्यादेत बसते. गोव्यातही नागरी पुरवठा खात्याने तालुकानिहाय साठा आणि पुढील टँकरची वेळ दिवसातून दोनदा जाहीर केली, कॅनमधील विक्री तत्काळ थांबवली आणि रुग्णवाहिका, प्रवासी बस व अग्निशमन दलासाठी काही साठा राखून ठेवला, तर अफवेला जागाच उरणार नाही.

नागरिकांसाठी नियम सोपा आहे. एरवी टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही आणि अफवेच्या दिवशी गरज नसेल तर पंपाकडे फिरकायचे नाही. त्या दिवशी आपण न भरलेले अडीच लिटर म्हणजे कुणाच्या तरी दोन दिवसांच्या रोजगाराची सोय असते.