कळते, पण वळत नाही

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावाजवळ लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालले होते. २५ वर्षांचा फिनियस गेज तिथला मुकादम. कामात चोख, व्यवहाराला पक्का, माणसे सांभाळून घेणारा. सुरुंगाच्या भोकात दारू भरायची, वर वाळू घालायची आणि मग पहारीने ठासायचे, हे त्याचे रोजचे काम. त्या दुपारी साडेचारच्या सुमारास मागच्या माणसांकडे त्याने मान वळवली आणि पहार खडकावर घासली. वाळू अजून पडली नव्हती असे सांगतात. ठिणगी उडाली, दारू भडकली आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची ती पहार त्याच्या डाव्या गालातून घुसून, डोळ्यामागून मेंदू भेदत, माथ्यातून बाहेर पडली. ती जमिनीवर आदळली ती जवळजवळ २५ मीटर पलीकडे.

गेज मेला नाही. काही मिनिटांतच तो बोलू लागला, बैलगाडीत ताठ बसून गावात आला आणि खानावळीच्या पडवीत खुर्चीवर बसून राहिला. संध्याकाळी डॉ. जॉन हार्लो त्याच्यापाशी पोहोचले. ते स्वतः तिशीच्या आतले. अशा जखमेवर काय करावे हे सांगणारे पुस्तक त्यांच्यापाशी नव्हते, आणि खरे तर कुणापाशीच नव्हते. त्यांनी हाडांचे तुकडे वेचले, जखम साफ केली, डोके बांधले. पुढे जखम चिघळली, पू साचला, गेज ग्लानीत गेला. भोवतालच्या माणसांनी शवपेटीही तयार ठेवली. हार्लोंनी धीर न सोडता शस्त्र चालवले, पू वाहून जाऊ दिला, आणि नोव्हेंबरअखेर गेज आपल्या घरी परतला. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. चालणे, बोलणे, आठवण, समज शाबूत होते.

हार्वर्डचे नामांकित शल्यवैद्य हेन्री बिगेलो यांनी त्याला तपासले आणि तो शरीराने व बुद्धीने बरा झाल्याचा निर्वाळा दिला. हार्लोंना मात्र काहीतरी खटकत होते. गेज आजारातून उठत असताना त्यांनी एक साधी परीक्षा घेतली होती. जुन्या नदीपात्रातून त्याने काही खडे वेचून आणले होते. त्या खड्यांचे हजार डॉलर देऊ केले तरी तो द्यायला तयार होईना. पैसा म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, खडे म्हणजे काय हेही ठाऊक होते. पण कशाला किती मोल द्यायचे, तो काटाच कुठेतरी अडकला होता. पुढे त्याची जीभ सैल सुटली. आज एक बेत, उद्या दुसरा, आणि दोन्ही अर्धवट. जुन्या मालकांनी त्याला मुकादमीवर परत घेतले नाही. हा आमचा गेज नव्हे, असे त्याचे स्नेही म्हणू लागले.

हे सारे हार्लोंनी टिपून ठेवले, पण १८४८च्या आपल्या लेखात त्यांनी जखमेची आणि उपचाराची हकीकतच तेवढी दिली. मग गेज दूर निघून गेला. तो चिलीमध्ये घोडागाडी हाकत असे. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अपस्माराचे झटके येऊन तो वारला. हार्लोंना ही बातमी कळायला १८६६ उजाडले. मेंदू तपासण्याची वेळ कधीच टळली होती. तरीही त्यांनी गेजच्या आईला पत्र लिहिले आणि पुरलेल्या मुलाची कवटी शास्त्रासाठी मागितली. एका आईकडे अशी मागणी करायला किती धैर्य लागले असेल, आणि ती मान्य करायला तिला किती मोठे मन लागले असेल! कवटी व पहार त्यांच्या हाती आली, आणि १८६८ मध्ये, अपघाताला वीस वर्षे होत आली असताना, त्यांनी पुरा वृत्तांत मांडला. बुद्धी तशीच राहून माणसाचे वळण बदलू शकते, हे त्यात होते. त्या काळच्या मेंदूविद्येला या गोष्टीचे काय करावे ते उमगले नाही. कवटी हार्वर्डच्या संग्रहालयात जाऊन बसली. या कथेतला पहिला नायक मी या खेडेगावच्या डॉक्टरांनाच मानतो. उत्तर हाती नसताना प्रश्न वीस वर्षे जिवंत ठेवणे सोपे नव्हे.

तिकडे नीतिशास्त्राचा वाद वेगळ्याच दालनात रंगला होता. माणूस बरेवाईट ठरवतो ते कशाच्या बळावर? स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७४० च्या सुमारास सांगितले होते की नुसती बुद्धी माणसाला जागचा हलवत नाही, हलवते ती भावना. जर्मनीच्या इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये उलट बजावले की नीतीचा पाया भावनेवर रचता येत नाही, कर्तव्य बुद्धीनेच ओळखायचे. इंग्लंडच्या जेरेमी बेंथमने जास्तीत जास्त लोकांच्या सुखाची बेरीज मांडली. विसाव्या शतकात लॉरेन्स कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञाने मुलांना पेचाच्या गोष्टी सांगून त्यांच्या नैतिक विचाराच्या पायऱ्या लावल्या. त्यांतली एक गोष्ट फार गाजली. पत्नी मरणाच्या दारात आहे, औषध परवडत नाही, तर नवऱ्याने ते चोरावे का? जो जितक्या वरच्या पायरीवरून विचार करील तितका तो नीतीने पुढे, असा भरवसा या मांडणीमागे होता. त्या भरवशाला तडा गेला तो अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात.

तिथे आंतोनियो दामासिओ हे पोर्तुगालहून आलेले मेंदूतज्ज्ञ एका रुग्णाला तपासत होते. त्यांनी पुढे त्याला 'एलियट' हे टोपणनाव दिले. तिशीतला, सुशील, दोन मुलांचा बाप, हिशेबाच्या कामात पुढे आलेला. १९७५ मध्ये कपाळामागे वाढलेली गाठ शस्त्रक्रियेने काढली आणि तिच्यासोबत मेंदूच्या पुढच्या भागातले इजा झालेले ऊतकही गेले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आयुष्य मात्र कोसळले. नोकऱ्या सुटल्या. सगळ्यांनी सावध केले असताना संशयास्पद माणसाशी भागीदारी करून त्याने शिलकीतला पैसा घालवला. घटस्फोट झाला, दुसरे लग्न झाले, तेही मोडले. जेवायला कुठे जायचे हे ठरवायला तासन् तास जात. प्रत्येक उपाहारगृहातली बसण्याची सोय, पदार्थ, वातावरण तो तोलत बसे, गाडी काढून कुठे किती गर्दी आहे ते पाहून येई, आणि तरी निर्णय होत नसे. सरकारी मदतही मिळेना, कारण कागदावर हा माणूस ठणठणीत होता.

दामासिओ आणि त्यांचे सहकारी एकामागून एक कसोट्या लावत गेले. बुद्ध्यंक वरच्या श्रेणीतला. स्मरण उत्तम, भाषा उत्तम, तर्क उत्तम. दोष सापडेना. जेफ्री सेव्हर या सहकाऱ्याने नीतीचेच प्रश्न पुढे ठेवले, कोलबर्गची ती औषधचोरीची गोष्टसुद्धा. एलियटने साऱ्या बाजू मांडल्या, परिणाम ओळखले, अनेक पर्याय सुचवले. त्याची पायरी बहुतेक प्रौढांहून वरची निघाली. इथे संशोधन भिंतीवर आदळले. पण प्रश्नोत्तरे संपल्यावर एलियट सहज बोलून गेला की एवढे सगळे सुचले तरी प्रत्यक्षात काय करायचे ते आपल्याला कळणार नाही.

त्याच प्रयोगशाळेतला आणखी एक प्रसंग दामासिओंनी लिहून ठेवला आहे. अशीच इजा झालेला दुसरा रुग्ण हिवाळ्यात निसरड्या रस्त्यावरून गाडी हाकत आला. पुढची गाडी घसरून फिरली, तरी हा न घाबरता सुखरूप पुढे निघाला. दुसऱ्या दिवशी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर त्याने दैनंदिनी उघडली आणि त्या दिवसांची इतर कामे, हवामानाचा अंदाज, दोन्ही तारखांचे गुणदोष असे करत जवळजवळ अर्धा तास खल केला. ऐकणाऱ्यांचा धीर सुटत चालला होता. अखेर दामासिओंनी शांतपणे सांगितले की दुसरी तारीख घ्या. त्यावर तो लगेच म्हणाला, ठीक आहे. दैनंदिनी खिशात गेली आणि तो उठून चालू लागला.

उलगडा झाला तो कुठल्या यंत्रामुळे नव्हे. तासन् तास एलियटशी बोलताना दामासिओंच्या ध्यानात आले की आपण आजवर त्याच्या बुद्धीचीच झडती घेत आलो. हा माणूस स्वतःची धूळधाण दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तशी सांगतो आहे. ना खंत, ना चीड, ना डोळ्यांत पाणी. त्याची कहाणी ऐकून त्याच्यापेक्षा आपणच जास्त कासावीस होतो आहोत! मग दिशा बदलली. कोसळती घरे, आगी, जखमी माणसे यांची चित्रे दाखवली. एलियटनेच सांगितले की पूर्वी जे पाहून आपण हललो असतो ते आता मनाला स्पर्शही करत नाही. सहकारी डॅनियल ट्रॅनेल यांच्यासोबत तळहाताच्या त्वचेवरचे सूक्ष्म घामाचे बदल मोजले गेले. निरोगी माणसांच्या नोंदीत अशा चित्रांसरशी उसळी येई. या रुग्णांची रेषा सपाट राहिली. आपल्याकडे 'कळते पण वळत नाही' असे म्हणतात ते आळशाला उद्देशून. इथे ते आयोवाच्या कागदपट्टीवर शाईने उमटले होते.

आता हे सिद्ध करायचे होते. त्याच गटातल्या अँटोईन बेशारा यांनी पत्त्यांचा खेळ रचला. खेळणाऱ्याला २००० डॉलरचे खोटे पैसे आणि समोर चार गड्ड्या. दोन गड्ड्यांत दर पानाला १०० डॉलर मिळत, पण मध्येच असा दंड बसे की शेवटी दिवाळे निघावे. उरलेल्या दोहोंत ५० डॉलरच, पण दंड हलका आणि अखेरीस फायदा. हे कुणालाही सांगितलेले नव्हते. निरोगी माणसे धडपडत, हळूहळू चांगल्या गड्ड्यांकडे वळत. थक्क करणारी गोष्ट होती ती त्यांच्या हाताची. घातक गड्डीवर बोटे जाण्याआधीच तळव्याला घाम फुटत असे, खेळाचे रहस्य नेमके सांगता येण्याच्या कितीतरी आधी. कपाळामागच्या इजेच्या रुग्णांचा तळवा कोरडाच राही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहापैकी तीन रुग्णांनी कुठली गड्डी वाईट हे अचूक ओळखून सांगितले, आणि पुन्हा तिच्यातलीच पाने उचलली. खेळणाऱ्यांना वाटते त्याहून आधीच सारे उमगलेले असते, असा आक्षेप पुढे इतर संशोधकांनी घेतला आणि त्यात तथ्यही आहे. पण ओळखूनही हात न आवरणाऱ्या त्या तिघांचे कोडे त्याने सुटत नाही.

दरम्यान १९९४ मध्ये याच गटातल्या हाना दामासिओ यांनी गेजच्या कवटीची मापे संगणकावर मांडून पहारीचा मार्ग शोधला, आणि तोच कपाळामागचा, खालच्या अंगाचा भाग उजळला. पुढच्या अभ्यासांनी इजा मुख्यतः डाव्या बाजूलाच होती असे दाखवले. चिलीत त्याने वर्षानुवर्षे घोडागाडी हाकली, म्हणजे तो बराचसा सावरला असावा, असेही आता इतिहासकार म्हणतात. गेजबद्दल फार रंगवून लिहिले गेले, हे खरेच आहे.

मग एक वाईट शंका उभी राहिली. एलियट नीतीवर एवढे उत्तम बोलत होता, कारण ती तो इजेआधी शिकून बसला होता. ही इजा बाळपणीच झाली तर? १९९९ मध्ये आयोवाच्या गटाने अशा दोन तरुणांची हकीकत दिली. एकाच्या मेंदूतली गाठ तान्हेपणी काढलेली, दुसरी सव्वा वर्षाची असताना मोटारीखाली सापडलेली. दोघांना चांगली घरे मिळाली होती, प्रेमाचे आईवडील मिळाले होते. तरीही खोटे, चोरी, आणि कशाचाही पश्चात्ताप नाही. नीतीच्या गोष्टींवर त्यांची उत्तरे दहा वर्षांच्या मुलाच्या पायरीवर थांबली. मोठेपणी इजा झालेल्याला कळत होते. या दोघांना ते कधी कळलेच नव्हते. भावनेवाचून नीतीचे ज्ञानही मुळात रुजत नाही, एवढा मोठा अर्थ त्या दोन कोवळ्या आयुष्यांतून वर आला. ते वाचताना मला तत्त्वज्ञांचा सारा वाद फार दूरचा वाटतो.

तो वाद अखेर प्रयोगशाळेत आलाच. एका माणसाला गाडीखाली ढकलून पाच जणांना वाचवावे का, हा तत्त्वज्ञांचा जुना पेच. २००१ मध्ये जोशुआ ग्रीन या संशोधकाने दाखवले की असा हातघाईचा प्रश्न समोर येताच मेंदूतले भावनेशी निगडित भाग जागे होतात. २००७ मध्ये मायकेल कोनिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कपाळामागची इजा झालेल्या आयोवाच्या सहा रुग्णांना असेच पेच घातले. शत्रूपासून लपलेल्या सगळ्या लोकांचे प्राण वाचवायला रडणाऱ्या तान्ह्याचे तोंड दाबून त्याला मारावे का? निरोगी माणसे इथे चाचरतात, बरेच जण नाही म्हणतात. हे रुग्ण कितीतरी अधिक वेळा हो म्हणाले. बेंथमची बेरीज त्यांना अडत नव्हती, कारण तिच्या आड येणारे काही उरले नव्हते. ह्यूमचे पारडे जड झाले असे अनेकांना वाटले.

पण त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने दुसरा खेळ मांडला. एका माणसाला पैसे मिळतात, त्यातला वाटा तो दुसऱ्याला देऊ करतो. दुसऱ्याने नाकारले तर दोघांनाही काही मिळत नाही. अन्यायाचा वाटा समोर आला की अशीच इजा झालेले रुग्ण निरोगी माणसांहून अधिक वेळा तो धुडकावून लावत होते. पदरचे जात असतानाही. करुणा विझली होती, पण संताप धगधगत होता. म्हणजे भावना ही एकसंध गोष्ट नव्हे. दुसऱ्याच्या वेदनेने आवरणारी भावना आणि स्वतःच्या अपमानाने उसळणारी भावना मेंदूत वेगळ्या वाटांनी जातात, आणि नीतीत कुणाचा वाटा किती, हे त्या खेळानंतर नव्याने मोजायला घ्यावे लागले.